नोव्हेंबरचा रिपोर्ट

माझी आई क्वेकर होती. मराठी माणसांसमोर हे वाक्य उच्चारलं की पुढची दहा मिनिटं त्यातच जातात, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. क्वेकर म्हणजे ख्रिस्तीच, पण त्यांच्यात पाद्री नाही, मूर्ती नाही, क्रूस नाही, घंटा नाही. आठवड्यातून एकदा जमायचं, गोल करून बसायचं आणि तासभर गप्प राहायचं. एखाद्याला आतून अगदीच राहवलं नाही तर त्याने उठून दोन-चार वाक्यं बोलायची. बाकीच्यांनी ती ऐकायची, उत्तर द्यायचं नाही. तास संपला की एकमेकांशी हात मिळवायचा आणि चहाला उठायचं. झालं, एवढाच धर्म. माझी आत्या म्हणायची, "तुझ्या आईचा देव फार समजूतदार बाई. आमच्या देवांना आरडाओरड केल्याशिवाय ऐकूच जात नाही."

आई मध्य प्रदेशातली, नर्मदेकडच्या एका गावातली. कुठल्याशा दुष्काळात तिच्या पणजोबांचे आईवडील गेले आणि मिशनवाल्यांनी त्यांना वाढवलं, तेव्हापासून घर त्या पंथाचं. बाबा सांगलीकडचे. दोघं पुण्यात शिकताना भेटली, दोन्हीकडच्यांनी थोडी कुरकुर केली आणि लग्न झालं. बाबांना दुबईच्या पुढच्या रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात भट्ट्यांच्या देखभालीचं काम मिळालं, म्हणून दोघं इकडे आली. मी इथेच जन्मले. एकुलती एक, त्यामुळे सगळं माझ्याच वाट्याला.

आमचं घर एका बकाल्यावर, म्हणजे इथल्या किराणा दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. सकाळी खालून चर्चला जाणाऱ्यांच्या व्हॅन सुटायच्या, थोड्या वेळाने शेजारचे मशिदीत जायचे, आणि आमच्या हॉलमध्ये आई तीन खुर्च्या गोल मांडायची. तीन खुर्च्यांचा गोल होत नाही, हे मी तिला दहाव्या वर्षीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "तू बस, हो जाएगा." बाबा तिच्यासाठी म्हणून बसायचे आणि पंधराव्या मिनिटाला घोरायला लागायचे. त्यांना उठवू का असं मी डोळ्यांनी विचारलं की ती मान हलवून नाही म्हणायची. मला तो तास मेला सरता सरायचा नाही. पण सवयीचा परिणाम असा, की आज कुणी दोन मिनिटं गप्प बसलं तर माझ्या ऑफिसातली माणसं चुळबुळ करायला लागतात आणि मला छान वाटतं.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे खरं बोलणं. आता खरं बोला असं सगळेच धर्म सांगतात आणि सगळेच सोयीने विसरतात. आईच्या मात्र तो हाडीमाशी खिळला होता. एकदा शाळा बुडवून आम्ही खोर फक्कानच्या समुद्रावर गेलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आया चिठ्ठीत 'ताप होता' असं लिहितात. माझ्या आईने लिहिलं, 'आम्ही समुद्रावर गेलो होतो. तिला फार मजा आली.' ती स्वतः त्याच शाळेत ग्रंथपाल होती, तरी मला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन मी थयथयाट केला, "मम्मा, एव्हरीबडी राइट्स फीवर. व्हाय कान्ट यू?" ती शांतपणे म्हणाली, "मग उद्या खरंच ताप आला तर मी काय लिहू?" 

बाबांचेही असेच हाल. सुट्टीच्या दिवशी मॅनेजरचा फोन आला की ते लांबून हातवारे करायचे, नाहीये म्हणून सांग. आई फोनमध्ये सांगायची, "हैं घर पर, लेकिन अभी बात नहीं करना चाहते." बाबा कपाळावर हात मारून घ्यायचे. मॅनेजर केरळचा होता, सज्जन माणूस. बाई विनोदी आहे असं त्याला वाटायचं.

याची दुसरी बाजूही होती, आणि ती सांगायला हवी. आईला खोटं ऐकायचीही सवय नव्हती. घरात जे सांगितलं जाईल ते खरंच असणार, असं ती धरूनच चालायची. तिने कधी माझा फोन उघडून पाहिला नाही. एखादी गोष्ट ती एकदा विचारायची, उत्तर ऐकायची आणि विषय खलास. कॉलेजात असताना मी दोन-तीनदा त्याचा फायदा घेतला. पण तिला फसवण्यात मजा नव्हती, कारण ती लगेच फसायची.

एक्कावन्नाव्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं. महिनाभर तिने ओवा खाल्ला, मग सोडा प्यायली, मग शेजारणीने दिलेली कसलीशी चूर्णं घेतली. शेवटी बाबांनी जबरदस्तीने तपासायला नेलं. बीजांडकोशाचा कॅन्सर निघाला. आईने ते फार सरळ घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सगळ्या स्टाफरूमला तिने स्वतःच सांगितलं, म्हणजे कुजबुज करण्यात कुणाचा वेळ जायला नको. दुबईत ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंगच्या कंपनीत नोकरी करत होते आणि तिघींत मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहत होते. दर तीन आठवड्यांनी बाबा तिला गाडीने घेऊन यायचे आणि मी ऑफिसमधून परस्पर हॉस्पिटलात पोचायचे. वीकेंडला मी घरी जायचे.

एका गोष्टीने मात्र ती हलली, ती म्हणजे केस. तिचे केस कमरेच्या खाली होते. क्वेकर घरात साधं राहायचं वळण, त्यामुळे दागिने नाहीत, जरीकाठ नाही, टिकलीसुद्धा नाही. केस तेवढा तिचा एकच शौक. ते तिच्या आईने, म्हणजे माझ्या नानीने, लग्नापर्यंत तेल लावून वाढवलेले. दुसऱ्या केमोनंतर ते गेले तेव्हा आई बाथरूममध्ये दार लावून रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी रडले. आता बरं वाटतंय." नानी तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती, गावी एकटी राहत होती. आईने तिला आजार सांगितला होता, केमो सांगितली होती, पण व्हिडिओ कॉल करायची नाही. फक्त आवाज.

नोव्हेंबरमध्ये दुसरा स्कॅन झाला. विमा बाबांच्या कंपनीचा, म्हणून फाइलवर नंबर बाबांचा. रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर आला. आई घरी होती. आम्ही दोघं डॉक्टरांना भेटायला गेलो. डॉक्टर इजिप्तचे, मोठ्या अंगाचे आणि हळू आवाजाचे. त्यांनी सांगितलं की आजाराने औषधाला दाद दिलेली नाही, यकृतात पसरलंय, आता जे काही करू ते त्रास कमी करण्यासाठी. किती दिवस, असं बाबांनी विचारलं. ते म्हणाले, काही महिने, उन्हाळ्यापर्यंत इन्शाल्ला. मग त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली, आणि ती मला शब्दन् शब्द आठवते. तिला कुणाला भेटायचं असेल, गावी जायचं असेल, तर आत्ता पाठवा. आत्ता ती प्रवास करू शकते, पुढचं मी सांगू शकत नाही. बाबा म्हणाले, तिला आम्हीच सांगू, तुम्ही सांगू नका. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण तिने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

तिने त्यांना कधी विचारलंच नाही. बाबांनी सांगितलं होतं ना.

पार्किंगमध्ये गाडीत बसून बाबांनी सांगलीला आत्याला फोन लावला. आत्या त्यांची थोरली बहीण, आमच्या घरातलं हायकोर्ट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "तिला सांगू नकोस. माणूस रोगाने जात नाही, धसक्याने जातो. आमच्या सासऱ्यांना डॉक्टरने तोंडावर सांगितलं, आठव्या दिवशी गेले. समोरच्या काकूंना कुणी पत्ता लागू दिला नाही, दोन वर्षं पापड लाटत होत्या." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

हे सगळं आत्याच्या माथी मारता आलं असतं, आणि पुष्कळ दिवस मी मनातल्या मनात मारलंही. पण ते खरं नाही. मला ते आईला सांगायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. आत्याने फक्त माझी सोय केली.

घरी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. बाबा बूट न काढताच म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे." ती म्हणाली, "अच्छा." मग माझ्याकडे बघून हसली, मीही हसले. तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. मेथीची जुडी तशीच बाजूला ठेवून ती म्हणाली, "मी विचार करत होते, अम्माला भेटून यावं. डिसेंबरात आमची मोठी सभा असते, सगळे जमतात. पण आता घाई कशाला? रिपोर्ट चांगला आहे तर केस येऊ देत. असं बोडकं डोकं घेऊन अम्मासमोर जायला नको वाटतं. एप्रिलपर्यंत येतील ना गं थोडे तरी?"

बोलायची वेळ होती ती हीच. बाबा नळाखाली हात धूत उभे होते, गरज नसताना. मी म्हटलं, "एप्रिल बेस्ट आहे. मीपण रजा टाकते, दोघी जाऊ." आणि नुसतं म्हणून थांबले नाही, त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून एप्रिलची दोन तिकिटं काढली आणि तिला दाखवली. खोटं पक्कं दिसायला हवं होतं. तिने चष्मा लावून तारीख वाचली आणि नानीला फोन करून सांगितली.

डिसेंबरात आत्या मदतीला आली. ती होती म्हणून घर चाललं, हे कबूल करायला हवं. पण तिची जीभ आणि आईचा आजार एकाच घरात, म्हणजे आमची तारांबळ. बकाल्यात जाऊन यायची आणि सुरू व्हायची, "पाच दिरहॅमची कोथिंबीर, म्हणजे शंभराच्या वर गेली की. सोन्याच्या पाण्याने शिंपतात काय इथे?" आई हसून हसून दमायची. आत्याचं आईवर खरंच प्रेम होतं. रोज तिचे पाय चेपायची, आणि चेपता चेपता सांगायची, "रंग बघ कसा सुधारलाय तुझा." आई म्हणायची, "ताई, आरशात तर पिवळी दिसते मी." आत्या म्हणायची, "आरसाच जुना आहे."

शुक्रवारचा तास आईने सोडला नाही. आत्या आल्यावर खुर्च्या चार झाल्या. पहिल्या शुक्रवारी आत्याला ती शांतता सोसेना. दहाव्या मिनिटाला ती पुटपुटत स्तोत्र म्हणायला लागली, विसाव्या मिनिटाला कुकर लावायला उठली. आईला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र त्या तासाची भीती बसली होती. ती जागा आईने खरं बोलण्यासाठी राखलेली, आणि आम्ही तिघं तिथे मूग गिळून बसायचो. पापण्या मिटलेल्या, हात मांडीवर, बघणाऱ्याला वाटावं केवढी भक्ती. प्रत्येक शुक्रवारी मी ठरवून बसायचे की आज बोलायचं, आणि तास संपला की हात मिळवून चहा ठेवायला जायचे. असे दहा-बारा शुक्रवार गेले.

जानेवारीत तिच्या पोटात पाणी साचायला लागलं. ते काढायला आधी पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला जावं लागे. पाय काडीसारखे झाले आणि पोट वाढलं. हे कशाने, असं तिने बाबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, औषधाची गर्मी. ती म्हणाली, "अच्छा." मी तोवर घरूनच काम करायची परवानगी घेऊन तिच्याजवळ राहायला आले होते. तिच्या डोक्यावर बारीक लव आली होती. रोज सकाळी ती त्यावरून हात फिरवायची आणि मला बोटांनी दाखवायची, एवढे झाले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही बसलो. आदल्या दिवशीच पाणी काढलं होतं, त्यामुळे ती थकलेली होती आणि उशीला टेकून बसली होती. साधारण पंधरा मिनिटं झाली असतील. ती खुर्चीच्या हातांना धरून उभी राहायला लागली. बाबा धरायला पुढे झाले, तिने मानेनेच नको म्हटलं. या तासात ती नेहमी हिंदीतच बोलायची. म्हणाली, "मुझसे कहीं कमी हो रही है। रिपोर्ट अच्छी है, आप सब इतना कर रहे हैं, फिर भी मैं ठीक नहीं हो रही। मेरे मन में ही कोई खोट होगी। मुझे माफ़ करना।" आणि ती बसली.

खोट तिच्या मनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाने बोलल्यावर लगेच दुसऱ्याने बोलायचं नसतं, मध्ये वेळ जाऊ द्यायचा असतो, नाही तर ते उत्तर होतं, संभाषण होतं. मी वेळ जाऊ दिला. किती, माहीत नाही. मग उभी राहिले आणि म्हटलं, "आई, तुझ्यात काही कमी नाही. रिपोर्ट चांगला नव्हता. यकृतात पसरलंय. डॉक्टर म्हणाले होते उन्हाळ्यापर्यंत. आम्ही तुला खोटं सांगितलं."

आत्याने "अगं" म्हणून तोंड उघडलं. आईने हाताचा पंजा वर करून तिला थांबवलं. नियम म्हणजे नियम. उत्तर द्यायचं नाही.

तास संपायला अर्ध्याहून जास्त वेळ होता आणि तो सगळा आम्ही बसून काढला. बाबा रडत होते, आवाज न करता, नाक पुसत. आत्याने पदर तोंडाला लावला होता. आई डोळे मिटून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे बघायची माझी हिंमत नव्हती, मी तिच्या पायातल्या मोज्यांकडे बघत होते. तासाचा काटा पोचल्यावर तिने डोळे उघडले, बाबांशी हात मिळवला, आत्याशी मिळवला, माझ्याशी मिळवला. तिचा हात गरम होता.

मग तिने विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"नोव्हेंबरपासून."

"जाऊ नको, असं डॉक्टर म्हणाले होते?"

"नाही. ते म्हणाले होते, जायचं तर आत्ता जा."

तिने डोक्यावरच्या लवेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हणजे मी केसांसाठी थांबले."

बाबा तिच्या पायाशी बसले आणि काहीबाही बोलायला लागले. तुला धक्का बसू नये म्हणून, तू आनंदात राहावीस म्हणून. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण म्हणाली, "मला राग आलाय. फार राग आलाय. जाईल, पण आत्ता आहे." दोन दिवस तो होता. ती जेवली, औषधं घेतली, आमच्याशी कामापुरतं बोलली. आत्या स्वयंपाकघरात मला म्हणाली, "बघितलंस? सांगून काय मिळवलंस?" मी तिला उलट बोलले, फार वाईट बोलले, त्यातलं इथे लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने आम्हा सगळ्यांना सांगितलं, "गेला राग." आणि तो खरंच गेला होता, कारण तिने तसं म्हटलं होतं.

मी डॉक्टरांकडे धावले. विमानात बसवायचं तर प्रवासाला हरकत नाही असं त्यांचं पत्र लागतं. ते पत्र मिळालं नाही. पोटाची ती अवस्था, रक्तही कमी, हवेत काही झालं तर काय करणार. डिसेंबरात मी हसत हसत सही केली असती, असं ते म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं. गाडीत बसल्यावर मी एप्रिलची तिकिटं रद्द केली.

आईने नानीला फोन केला, स्पीकरवर, आमच्यासमोर. "अम्मा, मैं नहीं आ पाऊँगी। बीमारी फैल गई है। अब ठीक नहीं होगी।" पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आई गप्प, नानी गप्प, फोन चालू. आत्या मला खुणेने विचारत होती, कट झाला का? कट झाला नव्हता. त्या दोघी तशा किती वेळ होत्या कोण जाणे, पण त्यानंतर रोज सकाळी तो फोन लागायचा आणि दोघी मिळून चार वाक्यंही बोलायच्या नाहीत. आम्हाला कधी कळलं ते आईने नानीला सांगितलं नाही. मला वाचवण्यासाठी सांगितलं नाही असं मी समजत होते. तिला विचारलं असतं तर तिने खरं कारण सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही.

त्यानंतर ती तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत तिने सगळं बोलून घेतलं. बाबांनी एकटं जेवू नये, कुठल्या तरी मेसला जावं. मी लग्न केलं नाही तरी चालेल, पण केलं तर आधी त्या माणसाबरोबर तासभर गप्प बसून बघावं. शाळेच्या लायब्ररीतली सात पुस्तकं आमच्या घरी होती, ती परत करावीत. आत्याला ती म्हणाली, "ताई, तुम्ही खोटं फार प्रेमाने बोललात." आत्या हसायला गेली आणि हुंदके द्यायला लागली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी, बाबा कारखान्यातून यायच्या आत, ती गेली. मी शेजारी होते. बावन्नावं वर्ष चालू होतं.

तिला गावी नेलं. मेलेल्या माणसाला डॉक्टरांच्या परवानगीचं पत्र लागत नाही. दुसरी कागदपत्रं लागतात: मृत्यूचा दाखला, रद्द केलेला व्हिसा, शरीराला औषध भरल्याचं सर्टिफिकेट. तीन दिवस बाबा आणि मी खिडक्या-खिडक्यांवर रांगा लावत होतो आणि सगळी माणसं आमच्याशी चांगलं वागत होती. नागपूरपर्यंत ती आमच्याच विमानाने आली, खाली सामानात. तिथून गाडीने सात तास. क्वेकरांची जुनी जागा आहे, मोठं साधं घर, बाजूला आंब्यांची झाडं आणि मागे दफनभूमी. साठ-सत्तर माणसं कबरीभोवती गप्प उभी राहिली. दोघं-तिघं बोलले. ती लहानपणी फार पळायची, असं एका म्हाताऱ्याने सांगितलं. हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानीच्या ओसरीवर बसले होते. नानी कबरीवर जाऊन परत आली. पहाटेच एकटी निघाली होती, जाऊन-येऊन तीन किलोमीटर, हातात काठीसुद्धा नाही. तिने चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं, माझ्यासमोर पाटावर बसली आणि हरभऱ्याचे घाटे सोलायला घेतले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "उसे कब पता चला?"

"फ़रवरी में।"

"और तुम लोगों को?"

खोटं बोलता आलं असतं. ती एकदाच विचारणारी होती, तिच्या लेकीसारखीच. मी म्हटलं, "नवंबर में।"

ती घाटे सोलत राहिली. मी वाट बघत होते की ती विचारेल, तिला आणलं का नाही. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, केसांचं, एप्रिलचं, सगळं. पण तिने ते विचारलं नाही. मान वर न करता ती म्हणाली, "मुझे तभी बता देते। पासपोर्ट बनवाकर मैं चली आती।"

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.